‘हलवू नये’ नावाचा ड्राइव्ह

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजही सासऱ्यांचंच नाव आहे. औंढ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बाजूला पेढ्यांचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला रुद्राक्षाच्या माळा, यांच्या मधोमध आमची एका शटरची जागा. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका. सासरे गेले, नवरा देवळात सेवेला असतो, आणि दुकान गेली अठरा वर्षं मी चालवते. तरी नवा माणूस आला की आधी माझ्या डोक्यावरून आत डोकावतो आणि विचारतो, “मालक न्हाईत का?” पूर्वी मला राग यायचा. आता मी सांगते, “मालक देवळात हायत. देवाचं काम असंल तर तिकडं जा, टायपिंगचं असंल तर बसा.”

या अठरा वर्षांत मी फार काही डोंगर हलवले असं नाही. पण एक गोष्ट अशी केली की तिचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही. माझ्या कॉम्प्युटरवर दर वर्षी विंडोज पुसून नव्यानं टाकलं जातं, आणि माझं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यातून दर वेळी धडधाकट बाहेर येतं. यात काय एवढं, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लावून धंदा केलेला नसतो.

आमच्याकडे येणारा पेनड्राइव्ह दहा गावचं पाणी पिऊन आलेला असतो. आठ-दहा महिने असे पेनड्राइव्ह लावले की मशीन अडखळायला लागतं, एक पान उघडायला चहा होऊन जातो. मग हिंगोलीहून कॉम्प्युटरवाले भाऊ यायचे, खुर्चीवर बसायचे आणि दोनच शब्द बोलायचे, “फॉरमॅट मारू.” पहिल्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. भाऊंनी विंडोज नवं टाकलं, मशीन पळायला लागलं, मी खूश झाले. ते गेल्यावर टायपिंगला बसले तर टायपिंगचं सॉफ्टवेअरच नाही. सगळं सी ड्राइव्हमध्ये होतं, आणि भाऊंनी सी ड्राइव्ह धुऊन काढला होता. सॉफ्टवेअरची सीडी शोधली तर ती मधोमध चिरलेली. ती विकणाऱ्या माणसाचं दुकानही बंद झालेलं.

आता नवी सॉफ्टवेअर मिळतात, मोबाइलवरसुद्धा मराठी लिहिता येतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मी टायपिंग शिकले ते खडखड वाजणाऱ्या मशीनवर, आणि माझ्या बोटांना त्याच कळा ठाऊक आहेत. डोळे मिटून मी प्रश्नपत्रिका टाइप करते. दुसरी कळपाटी दिली की माझी बोटं पहिलीतल्या पोरासारखी एकेक अक्षर शोधत फिरतात. त्या वेळी तीन दिवस दुकान बंद ठेवलं आणि कळमनुरीच्या एका जुन्या टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमधून सॉफ्टवेअरचं आख्खं फोल्डर उचलून आणलं. तो म्हणाला, “वहिनी, नुसतं फोल्डर नेऊन चालत न्हाई, इन्स्टॉल करावं लागतं.” मी म्हटलं, नेऊन तर बघते. आणलं, डी ड्राइव्हमध्ये टाकलं, दोनदा टिचकी मारली, आणि चाललं की!

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला. हे फोल्डर जर सी ड्राइव्हच्या बाहेर बसून चालतंय, तर ते बाहेरच का ठेवू नये?

भाऊ पुढच्या वेळी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की हार्डडिस्कचे दोनाऐवजी तीन भाग करा. सी विंडोजला. डी माझ्या कामाला, म्हणजे पत्रिका, प्रश्नपत्रिका वगैरे. आणि ई नुसत्या प्रोग्रॅमना. भाऊ हसले. “वहिनी, काहून उगं डोकं लावून राहिल्या? प्रोग्रॅम कुठं बी ठेवा, त्याची मुळं विंडोजमधीच असत्यात. विंडोज गेलं की ते मेलं. साऱ्या जगाला म्हाईत हाय.”

भाऊंचं खोटं नव्हतं. पण बरंचसं खरं आणि सगळं खरं, यात फरक असतो, आणि मला तो फरक बघायचा होता. मी एक वही केली. एकेक प्रोग्रॅम ई ड्राइव्हवर टाकायचा, विंडोज नवं झालं की उघडून बघायचा, आणि वहीत लिहायचं. एका पानावर ‘राहणारे’, दुसऱ्या पानावर ‘रुसणारे’. फोटो कापायचा मोठा प्रोग्रॅम रुसणारा, त्याला पुन्हा सगळं पहिल्यापासून करून घालावं लागतं. प्रिंटरही रुसणारा. पण टायपिंगचं सॉफ्टवेअर, पत्रिकांच्या चौकटी करायचा प्रोग्रॅम, फायली दाबून बारीक करायचा प्रोग्रॅम, हे राहणारे. त्यांचं सगळं बिऱ्हाड त्यांच्या फोल्डरमध्येच असतं. विंडोजकडे ते काही मागत नाहीत. फॉन्ट तेवढे परत टाकावे लागतात, म्हणून त्यांचंही एक फोल्डर मी ई वरच केलं. ई ड्राइव्हला नाव दिलं ‘हलवू नये’. आमच्याकडे कपाटावर किंवा माठावर चिठ्ठी लावतात तसं.

नवरा ते नाव वाचून म्हणाला, “देवळात लावतो ही पाटी, लोकं नंदीला ढकलून राहिलेत.”

दोन वर्षांनी मी भाऊंना बोलावणं बंद केलं. विंडोज टाकायला मीच शिकले. आणि त्याचा दिवसही ठरवला. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, त्याच्या आदल्या दिवशी ती घासूनपुसून ठेवतो. माझं हत्यार कॉम्प्युटर. मग अष्टमीला मी दुकानाचं शटर अर्धं ओढते, कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशनं धूळ काढते, सी ड्राइव्ह पुसते, नवं विंडोज टाकते, आणि नवमीला त्याला हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवते. लोक म्हणतात, ही बाई अष्टमीला दुकान काहून बंद ठेवते? मी सांगते, हत्यार घासून राहिले.

आता गुरुजींचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

गुरुजी नर्सीकडचे. मेंढपाळाच्या घरातले, घरात पाटी हातात धरलेले पहिले. शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या आपल्याच माणसांत पुन्हा जाऊन बसायला लागले. मेंढराला रंगावरून काय म्हणतात, शिंगांवरून काय, कानांवरून काय, हे विचारून लिहून घ्यायचे. ढवळी, भुंडी, बांडी एवढं आपल्याला ठाऊक. गुरुजींकडे असे शेकड्यांनी शब्द होते. लोकरीचे, मेंढवाड्याचे, रोगांचे, वाटांचे, पावसाचा अंदाज घ्यायचे. पंधरा-सोळा वह्या भरलेल्या. दर सोमवारी नागनाथाचं दर्शन घेऊन ते दुकानात यायचे, एक वही काढायचे आणि मला वाचून दाखवायचे. मी टाइप करायची. त्यांचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्यानं भिंग धरून वाचायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. त्यांना बघायचं होतं ते फक्त हे पुस्तक. अर्धवट प्रिंट मात्र काढू द्यायचे नाहीत. “अर्धं लेकरू कोन बघतंय का, लेकी? पुरं झालं की दाव.”

आणि एक गोष्ट मला सहा वर्षं माहीत नव्हती. वही टाइप करून संपली की गुरुजी ती घरी नेत नव्हते. परत जाताना कयाधूच्या पुलाखाली उतरायचे आणि नदीत सोडायचे. लिहिलेला कागद रद्दीत द्यायचा नाही, जाळायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. विद्या आहे ती. वहीतलं सगळं आता कॉम्प्युटरमध्ये गेलं, मग वहीचं विसर्जन. मला हे कळलं ते ज्या दिवशी कळायला नको होतं त्याच दिवशी.

ती गेल्या वर्षीची अष्टमीच होती. माझा सीडी ड्राइव्ह बिघडला होता, म्हणून मी पहिल्यांदाच पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं. सकाळी दहाला सुरू केलं, बारापर्यंत झालं. फॉन्ट टाकले. पेनड्राइव्ह काढला. तेवढ्यात गुरुजी आत आले. सोमवार नव्हता, पण शेवटच्या वहीची शेवटची दोन पानं राहिली होती आणि त्यांना धीर निघत नव्हता. “तेवढं टाकून दे, लेकी. मंग दसऱ्याला छापायला देऊ.” मी म्हटलं, बसा. टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर टिचकी मारली.

उघडलं नाही. इंग्रजीत एक चौकोन आला की फाइल सापडत नाही. पुन्हा मारली. पुन्हा चौकोन. मशीन बंद करून चालू केलं. चौकोन.

 गुरुजींच्या फायली होत्या, त्या डी वर होत्या, दुसऱ्या पेनड्राइव्हवरही होत्या. पण त्या उघडणारं ते एकच सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. दुसऱ्या कशात उघडल्या की नुसती आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं दिसायची. सॉफ्टवेअरच्या फोल्डरची कॉपी वेगळी ठेवली होती का? ठेवली होती, पण ती उघडली तरी तोच चौकोन. कळमनुरीचा टायपिंगवाला कधीच धंदा सोडून पुण्याला मुलाकडे गेला होता.

मी भाऊंना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, “मी तवाच बोललो होतो ना वहिनी, विंडोज गेलं की ते मेलं? एवढी वर्षं चाललं हेच नशीब. जाऊ द्या, नवं सॉफ्टवेअर घ्या.” त्यांच्या आवाजात वाईट वाटणं होतं, पण थोडा आनंदही होता. माणूस आहे शेवटी, बारा वर्षांनी बरोबर ठरला होता.

फोन ठेवून मी गुरुजींकडे वळले. मनात म्हटलं, फार तर काय होईल, वह्या आहेतच. एक वर्ष लागेल, पण पुन्हा टाइप करू. तसं बोललेसुद्धा. “गुरुजी, पुढल्या सोमवारपासून वह्या परत घेऊन या.”

गुरुजींनी मांडीवरची शेवटची वही मिटली. मग म्हणाले, “वह्या न्हाईत, लेकी. कयाधूत सोडल्या.”

मी खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. सहा वर्षं! मला विचारायचं तरी! आणि त्याच क्षणी स्वतःचाही आला, कारण एक प्रिंट काढून ठेवायची अक्कल मलाही नव्हती. त्यांनी नको म्हटलं आणि मी मान डोलावली. गुरुजी उठले. टोपी नीट केली. “ज्यांनी शब्द सांगितले ती माणसं बी राहिली न्हाईत. राहू दे. तुजी काय चूक न्हाई. तू तकलीफ करून घेऊ नको.”

ते रागावून काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना दंडाला धरून परत खुर्चीवर बसवलं. “कुठं न्हाई जायचं. बसा इथंच.” वडीलधाऱ्या माणसाशी असं मी आयुष्यात बोलले नव्हते.

नवरा दुपारची पूजा उरकून जेवायला बोलवायला आला.  माझं तोंड बघून त्यानं शेजारून दोन चहा आणून ठेवले आणि गुरुजींजवळ स्टुलावर बसून राहिला.

मी वही काढली. माझी, ‘राहणारे’ आणि ‘रुसणारे’वाली. दहा-बारा वर्षांच्या नोंदी. हे सॉफ्टवेअर एकदाही रुसलं नव्हतं. मग आजच का? आज मी वेगळं काय केलं? पेनड्राइव्हवरून टाकलं. एवढंच. बाकी धूळ झाडण्यापासून सगळं तेच. मी कॉम्प्युटरचं ते पान उघडलं जिथं सगळे ड्राइव्ह ओळीनं दिसतात. सी आहे. ‘काम’ आहे. ‘हलवू नये’ आहे. सगळे जागेवर. सकाळपासून मी ते तीनदा बघितलं होतं आणि तीनदा नावंच वाचली होती.

चौथ्यांदा नावापुढचं अक्षर वाचलं. ‘काम’ डी नव्हता, ई झाला होता. आणि ‘हलवू नये’ ई नव्हता. एफ झाला होता.

मला हसू आलं आणि घाम फुटला, दोन्ही एकदम. विंडोज टाकताना तो पेनड्राइव्ह लावलेलाच होता, आणि विंडोजनं डी ही जागा त्याला देऊन टाकली होती. मग बाकीचे सगळे एकेक जागा मागं सरकले. सॉफ्टवेअर बिचारं ई वर जाऊन आपलं सामान मागत होतं, आणि ई वर आता लग्नपत्रिका बसल्या होत्या. ते मेलं नव्हतं. त्याला सामान सापडत नव्हतं. कॉपी उघडली तरी तेच, कारण तिच्याही पोटात पत्ता ई चाच, पहिल्यांदा ई वर हलवताना मीच लिहिलेला.

ड्राइव्हची अक्षरं बदलता येतात हे मला ठाऊक होतं, कधी केलं नव्हतं. आधी ‘हलवू नये’ला ई द्यायला गेले तर ते होईना, कारण ई वर ‘काम’ बसलेलं. मग कळलं की एसटीतल्यासारखं करावं लागतं, आधी एकाला उठवून पुढच्या सीटवर बसवायचं, तेव्हा दुसऱ्याला जागा होते. ‘काम’ला डी दिला. ई रिकामा झाला. ‘हलवू नये’ला ई दिला.  गुरुजींना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

टिचकी मारली. सॉफ्टवेअरची निळी खिडकी उघडली. मी गुरुजींची फाइल उघडली आणि पहिलं पान मोठ्यानं वाचायला लागले. ढवळी म्हणजे पांढरी. भुंडी म्हणजे बिनशिंगाची. चौथ्या शब्दाला पडदा धूसर दिसायला लागला, म्हणून पुढचे नवऱ्यानं वाचले. त्यानं जन्मात इतकी मेंढरं वाचली नसतील.

गुरुजी म्हणाले, “पुरं कर लेकी, दोन पानं राहिलीत.” मी डोळे पुसले आणि दोन पानं टाइप केली. मग त्यांना न विचारता आख्ख्या पुस्तकाची प्रिंट काढली, एकशेचौऱ्याऐंशी पानं, आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. या वेळी ते नको म्हणाले नाहीत.

भाऊंना फोन केला का? केला की. नसता केला तर मला जेवण गेलं नसतं. मी अक्षरांचं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “व्हय वहिनी, बराबर हाय तुमचं.” दिवाळीनंतर त्यांनी वसमतच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन माझ्याकडे पाठवलं, जुना प्रोग्रॅम आणि सीडी हरवलेली. सोबत निरोप होता, वहिनींना दाखवा. मी त्याला तिसरा भाग करून दिला आणि माझ्या वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून दिलं.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी गुरुजी प्रिंट तपासून घेऊन आले. भिंग लावून एकूणएक पान वाचलं होतं, लाल शाईच्या खुणा केल्या होत्या, शिक्षकच ते. मी खुणा पाहत शेवटच्या पानावर आले. तिथं खाली, छापण्याची पद्धत असते तशी, अक्षरजुळणी म्हणून मी दुकानाचं नाव टाकलं होतं. म्हणजे सासऱ्यांचं. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारली होती आणि वर थरथरत्या अक्षरात माझं नाव लिहिलं होतं. माझं, आईवडिलांनी ठेवलेलं.

मी म्हटलं, “गुरुजी, दुकानाचंच राहू द्या. तशी रीत असती.”

“रीत मला शिकवू नको,” ते म्हणाले. “चूक हाय ती. दुरुस्त कर.”

अठरा वर्षांत मी या तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींची नावं टाइप केली असतील. डोळे मिटून करते म्हणून सांगितलंच. पण माझं नाव टाइप करताना मी कळपाटीकडे बघत एकेक अक्षर दाबलं, आणि सेव्हचं बटण तीनदा दाबलं. गुरुजींनी भिंग पडद्याला टेकवून ते नाव वाचलं, मान डोलावली, आणि लाल रेघेचा तो कागद घडी करून खिशात घालायला लागले.

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“द्या इकडं,” म्हटलं, “तुमचा काय भरवसा न्हाई. जाताना नदीत सोडाल.”